रक्तात चुना वाढतो तेव्हा

श्रोतेहो, ज्यांचे बालपण गोठ्याच्या आसपास गेले आहे त्यांना एक दृश्य वर्णन करून सांगावे लागणार नाही. तिसऱ्या-चौथ्या वेताची, चांगली दुभती गाय सुखरूप विते. वासरू उभे राहून लुचू लागते. आणि दुसऱ्या दिवशी गाय मात्र जागची उठत नाही. मान कुशीकडे वळवून ती बसून राहते, कान गार पडतात, डोळे मिटू लागतात. मग पशुवैद्य येतो, शिरेतून कॅल्शियमची बाटली सावकाश चढवितो, आणि घटकाभरात तीच गाय धडपडत उभी राहून वासराकडे पाहू लागते. या विकाराला दुग्धज्वर म्हणतात. वस्तुतः त्यात ज्वर नसतोच. चिकावाटे आणि दुधावाटे अंगातला चुना एकाएकी निघून जातो व रक्तातील कॅल्शियमची पातळी घसरते, एवढेच त्याचे मर्म आहे. बाटलीचा हा गुण इतका डोळ्यांत भरणारा असतो, की कॅल्शियम हे जनावराला केव्हाही आणि कितीही दिले तरी हितकारकच, अशी एक समजूत घरोघर रुजून गेली आहे.

आज मी आपणांस या हकीकतीची दुसरी बाजू सांगणार आहे. रक्तात चुना कमी पडला तर जनावर बसते, हे खरे. पण तो वाढला तर काय होते? तो वाढतो कशाने? आणि वाढला आहे, व अमुक कारणाने वाढला आहे, हे ओळखायला माणसाला किती काळ लागला? या प्रश्नांचा शोध घेता घेता आपल्याला दक्षिण अमेरिकेतील कुरणांपासून लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील एका भारतीय गेंड्यापर्यंत प्रवास करावा लागणार आहे.

आरंभी दोन शब्द या चुन्याविषयी. विड्याच्या पानाला चुना लागतो, पण तो बोटाच्या टोकावर मावेल इतकाच. कमी पडला तर विडा रंगत नाही आणि थोडा जास्त झाला तर जीभ भाजते. शरीरातील व्यवहारही असाच काटेकोर आहे. अंगातील जवळजवळ सर्व कॅल्शियम, म्हणजे शंभरातील नव्याण्णव भाग, हाडांत आणि दातांत बंदिस्त असतो. रक्तात वाहतो तो अगदी अल्प अंश. गाय, कुत्रा, मांजर यांच्या रक्तरसात, शंभर घनसेंटिमीटरला सर्वसाधारणपणे 9 ते 11 मिलिग्रॅम इतकाच तो सापडतो; घोड्यात थोडा अधिक असतो. त्यातलाही सुमारे निम्माच मोकळा व कार्यक्षम असतो. उरलेला बहुतेक प्रथिनांना चिकटून राहतो. परंतु हृदयाचा ठोका, स्नायूंचे आकुंचन, मज्जातंतूंचे संदेश आणि रक्ताचे गोठणे ही सारी कामे या चिमूटभर मोकळ्या कॅल्शियमवर चालतात. म्हणूनच शरीर त्याची पातळी डोळ्यांत तेल घालून राखते. या राखणदारांची ओळख माणसाला फार उशिरा झाली, आणि ती व्हायच्या आधीच एका दूरदेशी हजारो गुरे त्या अज्ञानाचे मोल देत होती.

तो देश म्हणजे अर्जेंटिना. ब्वेनोस आइरेस प्रांतात सालादो नावाची नदी वाहते. तिच्या खोऱ्याचा प्रदेश सपाट व सखल. पावसाळ्यात पाणी तुंबावे आणि मग महिनोन् महिने ओल टिकून राहावी असा. गवत उदंड, त्यामुळे गुरांचे कळपही मोठे. पण या कुरणांवर चरणाऱ्या गुरांना एक विचित्र क्षय जडत असे. चारा समोर असताना जनावर रोडावत जाई. अंगावरचे केस राठ होत, पाठीला बाक येई, चाल आखडे. उभे राहिले तर खुरांच्या टोकांवर भार देऊन उभे राही. आणि पुढचे पाय वाकविणे अवघड झाल्यामुळे काही जनावरे गुडघे टेकून चरताना दिसत. थोडे चालविले तरी धाप लागे. महिनोगणती हे चाले आणि अखेर जनावर दगावे. तिथल्या पशुपालकांनी या विकाराला नाव दिले ‘एन्तेके सेको’. ‘सेको’ म्हणजे कोरडा. फुप्फुसातील जंतांमुळेही गुरे अशीच खंगत. त्या ओल्या, खोकल्याच्या दुखण्यापासून हा निराळा ओळखू यावा म्हणून हे विशेषण.

मेलेले जनावर फाडून पाहिले म्हणजे सुरी कचकन अडे. हृदयातून निघणारी महारोहिणी, जी एरवी रबरासारखी लवचिक असते, ती आतून खडबडीत आणि ताठ झालेली असे. जणू तिच्या आतल्या बाजूस कुणी गिलावा केला आहे. फुप्फुसाचे तुकडे स्पंजासारखे मऊ न लागता हाताला कुरकुरीत लागत. हृदयाच्या पडद्यांवर, मूत्रपिंडांत, स्नायुबंधांत, जिथे चुन्याचे काही काम नाही तिथे चुना बसलेला असे. हाडांतला पदार्थ मांसात कसा आला, हे कोडे होते.

त्या काळाच्या विज्ञानाला जे उत्तर सुचणे साहजिक होते तेच सुचले. पाश्चर आणि कॉख यांच्या शोधांनी सारे जग भारले गेले होते. प्रत्येक रोगामागे जंतू असलाच पाहिजे असा तो काळ. जोसेफ लिन्येर हे नामांकित फ्रेंच पशुवैद्य 1898 मध्ये ब्वेनोस आइरेस येथे आले. गुरांच्या अनेक सांसर्गिक रोगांवर त्यांनी मोलाचे काम केले, आणि एन्तेकेलाही त्यांनी पाश्चुरेला वर्गातील जंतूंच्या रोगांत बसविले. पुढे कुणी मातीतील खनिजांच्या कमी-अधिक प्रमाणावर बोट ठेवले. या तर्कांना आपण हसू नये. रोगी जनावराच्या रक्तात कॅल्शियम किती आहे हे सहजगत्या मोजण्याची सोयच त्या वेळी नव्हती. आणि मोजले असते तरी त्या आकड्याचा अर्थ सांगणारे शास्त्र जन्माला यायचे होते.

ते शास्त्र तिकडे युरोपात, गुरांशी संबंध नसलेल्या वाटेने, हळूहळू आकार घेत होते. त्याची पहिली खूण एका भारतीय प्राण्याच्या देहात सापडली, ही आपल्या दृष्टीने गमतीची गोष्ट. लंडनच्या प्राणिसंग्रहालयाने 1834 मध्ये एक भारतीय गेंडा विकत घेतला होता. 1849 मध्ये तो मेला, आणि त्याचे विच्छेदन करण्याचे काम रिचर्ड ओवेन या प्रख्यात शरीररचनातज्ज्ञाकडे आले. त्या अजस्र देहाचे बारकाईने निरीक्षण करीत असता, गळ्यातील अवटू ग्रंथीला चिकटलेली एक लहानशी, घट्ट, पिवळसर ग्रंथी त्यांच्या दृष्टीस पडली. त्यांनी तिची नोंद केली. परंतु ती कशासाठी आहे, हा प्रश्न कुणी विचारला नाही.

सुमारे तीस वर्षे गेली. स्वीडनमधील उप्साला येथे ईवार सांडस्ट्रोम नावाचा वैद्यकाचा विद्यार्थी होता. 1877 मध्ये एका कुत्र्याच्या गळ्याचे विच्छेदन करताना त्याला तशीच एक इवलीशी ग्रंथी दिसली. त्याने मग मांजर, ससा, बैल, घोडा आणि शेवटी मनुष्य यांच्यातही ती शोधून काढली, आणि 1880 मध्ये आपला प्रबंध प्रसिद्ध केला. अवटूच्या शेजारची म्हणून तिला परावटू हे नाव मिळाले. सांडस्ट्रोमच्या हयातीत या कामाची कुणी फारशी दखल घेतली नाही. 1889 मध्ये तो ऐन तारुण्यात वारला. पुढे असे दिसून आले की या ग्रंथी काढून टाकल्या तर कुत्र्याला आचके येऊन तो मरतो. 1909 मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोर येथे मॅकॅलम आणि फोग्टलिन यांनी दाखविले की अशा कुत्र्याला कॅल्शियम टोचले तर आचके थांबतात. म्हणजे गव्हाच्या दाण्याएवढ्या या ग्रंथींच्या हाती रक्तातील चुन्याचा कारभार होता.

उणे केल्याने काय होते ते कळले. अधिक केल्याने काय होते हे 1925 मध्ये कळले. कॅनडातील जेम्स कॉलिप, ज्यांचा इन्सुलिनच्या शोधातही महत्त्वाचा वाटा होता, त्यांनी परावटू ग्रंथींचा प्रभावी अर्क तयार केला आणि तो निरोगी कुत्र्यांना वारंवार टोचला. कुत्र्यांनी अन्न टाकले. ओकाऱ्या सुरू झाल्या. ती मलूल होऊन पडली आणि शेवटी मेली. रक्तातील कॅल्शियम नेहमीच्या पातळीच्या जवळजवळ दुप्पट झाले होते. रक्तातील चुना वाढला तर प्राणी मरतो, आणि कोणत्या लक्षणांनी मरतो, हे प्रयोगशाळेत इतके स्पष्टपणे प्रथमच दिसले. हे दिसू शकले याचे आणखी एक कारण असे, की 1921 मध्ये क्रेमर आणि टिस्डाल यांनी अगदी थोड्या रक्तरसातून कॅल्शियम मोजण्याची सोपी रीत काढली होती. मोजमाप आले म्हणजे तर्काला धरबंध येतो.

याच सुमारास दुसरा एक राखणदार उजेडात येत होता. 1919 मध्ये लंडन येथे एडवर्ड मेलनबी यांनी कुत्र्याच्या पिलांना विशिष्ट आहारावर ठेवून मुडदूस घडवून आणला आणि कॉड माशाच्या तेलाने तो बरा केला. 1922 मध्ये मॅकॉलम यांनी त्या तेलातील मुडदूस बरा करणारे तत्त्व वेगळे ओळखले. तेच जीवनसत्त्व ड. 1924 मध्ये स्टीनबॉक यांनी दाखविले की अन्नावर अतिनील किरण पाडले तरी त्यात हे तत्त्व उत्पन्न होते. हाडे वाकलेल्या मुलांना आणि वासरांना हे वरदानच होते. पण 1920 चे दशक संपण्यापूर्वीच प्रयोगातील प्राण्यांना याचा अतिरेक केला असता काय होते तेही दिसून आले. प्राणी रोडावले, त्यांच्या रक्तवाहिन्या व मूत्रपिंडे चुन्याने ताठ झाली. अति तेथे माती, ही आपली म्हण येथे अक्षरशः खरी ठरली. मातीऐवजी चुना, इतकाच काय तो फरक.

श्रोतेहो, हे वर्णन ऐकताना आपणांस सालादोकाठच्या गुरांची आठवण झाली असेल. रोडावणे तेच, ताठ झालेली महारोहिणी तीच. परंतु त्या कुरणांवर कुणी गुरांना जीवनसत्त्वाच्या कुप्या पाजीत नव्हते. मग हा अतिरेक आला कोठून?

उत्तर कुरणातच उभे होते. त्या पाणथळ भागात वांग्याच्या कुळातील एक झुडूप माजते. पुरुषभर उंचीचे, पीचच्या पानांसारखी लांबट पाने, निळसर फुले आणि काळीनिळी फळे असलेले. स्थानिक लोक त्याला ‘दुरास्नीयो ब्लांको’ म्हणतात. गुरांना त्याची चव आवडत नाही. ती उभे झुडूप सहसा ओरबाडीत नाहीत. त्यामुळे त्याच्यावरचा संशय दृढ व्हायला वेळ लागला. पण उन्हाळा सरता सरता पाने गळतात, गवतात मिसळतात, आणि गवताच्या घासाबरोबर नकळत पोटात जातात. 1960 च्या दशकात अर्जेंटिनातील बाल्कार्से येथील शेतकी संशोधन केंद्रात या प्रश्नावर नेटाने काम झाले. वर्कर आणि कारिल्यो यांचा या विकारावरील लेख 1967 मध्ये ‘नेचर’ या जगप्रसिद्ध साप्ताहिकात आला. झुडपाची पाने जनावरांना खाऊ घातली असता रक्तातील कॅल्शियम व फॉस्फरस काही दिवसांतच चढते, हे प्रयोगांनी सिद्ध झाले. शिवाय रोग फार पुढे गेलेला नसताना जनावर त्या कुरणातून हलविले तर ते सावरते, हेही दिसून आले. ज्या रोगासाठी जंतू शोधले, माती तपासली, तो गळून पडलेल्या पानांनी केला होता.

हे कळताच इतर देशांतील जुन्या कोड्यांचीही उकल होऊ लागली. ब्राझीलमध्ये मातो ग्रोसोच्या पाणथळ प्रदेशात हेच झुडूप हाच रोग करीत होते. जमेका बेटातील मँचेस्टर परगण्यात गुरांचा असाच एक झिजरा रोग 1956 मध्ये वर्णिला गेला होता; हवाई बेटांतील नालेहू येथील तशाच विकाराची नोंद 1965 मध्ये झाली. आल्प्स पर्वताच्या उतारांवर, बव्हेरियात आणि ऑस्ट्रियात, गायी अशाच आखडत होत्या. 1970 च्या सुमारास तेथे दोषी ठरले ते एक सोनेरी तुऱ्याचे गवत. शेतकरी ज्याला उत्तम चारा समजून कुरणात वाढू देत होते तेच.

पण पानांत होते तरी काय? याचे उत्तर मिळण्यासाठी जीवनसत्त्व ड चा शरीरातील प्रवास कळणे अवश्य होते. 1970 मध्ये केंब्रिज येथे फ्रेझर आणि कोडिचेक यांनी एक महत्त्वाची गोष्ट उघड केली. हे जीवनसत्त्व जसेच्या तसे कामाला येत नाही. यकृतात त्याच्यावर पहिला संस्कार होतो आणि मूत्रपिंडात दुसरा. तेव्हाच ते आतड्याला ‘चुना आत घे’ असा हुकूम देणारे समर्थ संप्रेरक बनते. आपल्या जुन्या जकात नाक्याची कल्पना करा. शहरात माल किती यायचा हे नाक्यावरचा कारकून ठरवितो आणि तेवढेच परवाने लिहितो. मूत्रपिंड हा तो नाका. रक्तात चुना पुरेसा असला तर तो नवे परवाने लिहीत नाही.

अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात वॉसरमन यांनी कोंबडीच्या पिलांवर एक मार्मिक प्रयोग केला. स्ट्रॉन्शियम नावाचे मूलद्रव्य भरपूर खाऊ घातले की पिलांच्या मूत्रपिंडांतील हा नाका बंद पडतो, आणि मग जीवनसत्त्व ड देऊनही आतडे चुना घेत नाही. अशा पिलांना त्यांनी त्या झुडपाचा अर्क दिला, आणि चुना आत जाऊ लागला. 1974 मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. त्याचा अर्थ एकच होता: वनस्पतीजवळ सही-शिक्क्यानिशी तयार परवाना होता. 1976 मध्ये रासायनिक पुरावाही मिळाला. मूत्रपिंडात तयार होणारे तेच संप्रेरक या पानांत साखरेच्या रेणूंना जोडलेले असते. पोटात ती साखर सुटते आणि संप्रेरक मोकळे होते. नाक्यावर कारकून कितीही दक्ष असला तरी परस्पर आलेल्या परवान्यांपुढे त्याचा इलाज चालत नाही. चुना येतच राहतो, आणि हाडांत जागा नाही म्हणून रक्तवाहिन्यांत बसतो.

ही सर्व दूरदेशची वार्ता झाली, आपला तिच्याशी काय संबंध, असे कुणाला वाटेल. तर एक गोष्ट सांगतो. 1975 मध्ये अमेरिकेतील फ्लॉरिडा प्रांतात घोडे रोडावून लंगडू लागले. त्यांच्या रक्तात कॅल्शियम वाढलेले आढळले. शोध घेता एक शोभेचे झुडूप दोषी निघाले. ते मूळचे वेस्ट इंडीज बेटांकडचे. त्याची पांढरी फुले दिवसा सुगंध देतात, आणि फळे काळी, बारीक असतात. आपल्याकडील बागांतही ते लावतात. रातराणीचे हे भावंड. म्हणूनच इंदूर-ग्वाल्हेरकडे त्याला ‘दिन का राजा’ असे गोड नाव आहे. कुंपणाची छाटणी करून फांद्या गुरांपुढे किंवा शेळ्यांपुढे टाकण्याची आपली सवय लक्षात घेता, हे नाव ध्यानात ठेवलेले बरे.

आतापर्यंत गुरे-घोड्यांचे झाले. घरातील कुत्र्या-मांजरांत हाच आकडा निराळीच कथा सांगतो. कुत्रा वाजवीपेक्षा जास्त पाणी पिऊ लागतो, वारंवार लघवी करतो, खाणे कमी होते, शौचाला खडा होतो, जिने चढायला तो नाखूश असतो. मालक म्हणतो, वय झाले. रक्त तपासावे तर कॅल्शियम वाढलेले. कुत्र्यात अशी टिकून राहिलेली वाढ पुष्कळदा कर्करोगाची खूण असते. विशेषतः लसीका ग्रंथींच्या कर्करोगाची, आणि गुदद्वाराजवळील पिशव्यांतील ग्रंथींच्या अर्बुदाची. दुरून वाढलेले अर्बुद रक्तातला चुना कसे चढविते? 1941 मध्ये बोस्टनचे डॉक्टर फुलर ऑल्ब्राइट यांनी एका मनुष्य-रोग्यावरून तर्क केला होता, की अर्बुद स्वतःच परावटूसारखा स्राव करीत असावे. तर्काला पुरावा मिळायला 1987 साल उजाडावे लागले. त्या वर्षी मेलबर्न येथील आणि अमेरिकेतील संशोधकांनी तो स्राव प्रत्यक्ष वेगळा काढून ओळखला. सालादोच्या कुरणात परवाने झुडपाने छापले. येथे ते अर्बुदाने छापलेले असतात. बनावट दोन्हीकडे आहे, फक्त छापखाना निराळा.

आता निदानाविषयी. ही परंपरा ध्यानात घेतली म्हणजे आजचा कुशल पशुवैद्य एका आकड्यावर का थांबत नाही, हे कळते. तो प्रथम तीच तपासणी पुन्हा करवितो; कारण जेवणानंतर घेतलेले, स्निग्धांशाने गढूळ झालेले रक्त फसवू शकते. वाढत्या वयाच्या पिलांत कॅल्शियम स्वभावतःच थोडे अधिक असते, याचीही तो आठवण ठेवतो. मग एकूण कॅल्शियमवर न विसंबता मोकळे कॅल्शियम मोजतो. त्यानंतर फॉस्फरस पाहतो, आणि येथे वाट फुटते. परावटूचा किंवा अर्बुदाचा स्राव असेल तर फॉस्फरस बहुधा बेताचा किंवा कमी असतो. जीवनसत्त्व ड चा अतिरेक असेल तर तोही चढलेला असतो. मूत्रपिंड निकामी झाले असले तरीही फॉस्फरस चढतो, म्हणून मूत्रपिंडाचीही तपासणी लागते. कॅल्शियम व फॉस्फरस यांच्या आकड्यांचा गुणाकार 70 च्या वर गेला तर मऊ अवयवांत चुना बसण्याचे भय, असा एक ठोकताळा आहे. पुढे परावटूच्या संप्रेरकाचे मापन होते. रक्तातील कॅल्शियम वाढले असता निरोगी ग्रंथीने गप्प बसावयास हवे. तरीही ती स्राव करीत असेल तर दोष तिच्यातच आहे. ती गप्प असेल तर चुना दुसऱ्या कुणाच्या हुकमाने येत आहे. याबरोबरच हाताने करावयाच्या तपासण्या असतात: गळ्याखालच्या, खांद्याजवळच्या, मांडीमागच्या गाठी चाचपणे, गुदमार्गात बोट घालून पाहणे, छातीचे क्षकिरण चित्र काढणे. मोठमोठ्या यंत्रांना न सापडलेले अर्बुद पुष्कळदा बोटाला सापडते.

जनावराची जातही विसरून चालत नाही. घोडा आणि ससा चाऱ्यातला चुना भरपूर घेतात व जादा मूत्रावाटे टाकतात. म्हणूनच घोड्याचे मूत्र गढूळ, पांढरट दिसते. अशा घोड्याची मूत्रपिंडे निकामी झाली तर रक्तातला चुना वाढतो. मांजरात कित्येकदा सर्व तपासण्या करूनही कारण हाती लागत नाही. या अकारण वाढीची नोंद 1990 च्या दशकापासून होऊ लागली आहे. कुत्र्यात अधिवृक्क ग्रंथी दुबळ्या झाल्या तरी कॅल्शियम चढते, आणि योग्य उपचाराने ते लवकर उतरते. एक सावधगिरी फार महत्त्वाची. निदान होण्यापूर्वीच स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले तर कॅल्शियम उतरते खरे, पण लसीका ग्रंथींचा कर्करोग असल्यास त्याच्या गाठी तात्पुरत्या विरून जातात आणि खरा रोग झाकला जातो.

आणि सर्वांत आधी विचारावयाचा प्रश्न अगदी साधा आहे: जनावराने खाल्ले काय? सोरायसिससारख्या त्वचारोगावर माणसे लावतात अशा काही मलमांत जीवनसत्त्व ड चाच एक प्रकार असतो. कुत्र्याने ती नळी चावली तर जीव धोक्यात येतो. उंदीर मारण्याच्या काही औषधांतही हेच जीवनसत्त्व विष म्हणून घालतात. शिवाय प्रेमापोटी दिलेली मात्रा आहेच. 1950 च्या दशकात अमेरिकेत दुग्धज्वर टाळण्यासाठी विण्यापूर्वी गायीला रोज 2 ते 3 कोटी एकक जीवनसत्त्व ड देण्याची पद्धत काढण्यात आली. मोजक्या दिवसांत गाय व्यायली तर उपयोग होई. वेताची तारीख चुकून मात्रा लांबली तर तिच्या रक्तवाहिन्यांत चुना बसे. पशुवैद्यकाच्या इतिहासात बाटलीचा चमत्कार आणि बाटलीचा अपाय असे जवळजवळ नांदले आहेत.

श्रोतेहो, या कथेतून घरी नेण्यासारखी गोष्ट एकच आहे. रोडावलेले, आखडत चालणारे, गुडघे टेकणारे जनावर पाहिले की आपल्या तोंडी सहज येते, ‘याच्या हाडांत जोर नाही, याला कॅल्शियम द्या.’ सालादोकाठची ती गुरे अगदी अशीच दिसत होती. त्यांना कॅल्शियमची बाटली चढविली असती तर ती आगीत तेल ओतल्यासारखी झाली असती. कमतरतेचे आणि अतिरेकाचे बाह्य रूप कधी कधी एकसारखे असते. डोळा त्यात फसतो, मोजमाप फसत नाही. पण मोजमाप तरी अर्धेच सांगते. आकडा म्हणतो, चुना वाढला आहे. कुणामुळे वाढला, हे सांगायला कुरणात जाऊन गळलेली पाने पाहणारा माणूस लागतो, कुत्र्याच्या मानेवरून हळूच बोटे फिरविणारा वैद्य लागतो, आणि काल जनावराने काय खाल्ले हे खरे खरे सांगणारा मालक लागतो. मुके जनावर स्वतः काही सांगू शकत नाही. तेव्हा पुढच्या वेळी कॅल्शियमची बाटली हाती घेण्यापूर्वी पशुवैद्याला रक्त तपासू द्या, आणि तो चाऱ्याविषयी बारीकसारीक विचारू लागला तर कंटाळू नका. त्या चौकशीमागे शंभर वर्षांचा अनुभव उभा आहे.